रिकामं झालेलं घर, रिकामं केलेलं घर

दोन वर्षांपूर्वी आषाढ अष्टान्हिकेत मी माताजींपुढे बसून परिग्रहाचं परिमाण केलं. सोनं इतकं, पातळं इतकी, भांडी इतकी. 'वास्तू' या शब्दापुढे मी लिहिलं, 'एक'. ते एक म्हणजे बेळगावात शहापूरचं आमचं जुनं घर. आणि पुढच्याच आठवड्यात मी पणजीत चार महिन्यांसाठी भाड्याची खोली घेतली.

धाकट्या जाऊबाई हसत म्हणाल्या, "अक्का, आठ दिवसांत व्रत मोडलं की हो तुमचं!"

मीही हसले. भाड्याची खोली आपली कुठे असते? पण प्रवासभर तो प्रश्न डोक्यात राहिला. भाड्याचं घर परिग्रहात धरायचं का? आपल्याकडे बाह्य परिग्रहाची जी यादी आहे तिच्यात शेत आणि घर अगदी सुरुवातीला येतात, सोनंनाणं त्यांच्यामागून. पण उमास्वामी आचार्यांनी परिग्रहाची व्याख्या मालकीवर केलेली नाही, मूर्च्छेवर केली आहे. मन जिथे गुंतून पडतं तो परिग्रह. मग सातबारावर नाव असूनही एखादा अपरिग्रही असू शकतो आणि भाड्याच्या खोलीतला खिळासुद्धा एखाद्याचा परिग्रह होऊ शकतो. चार महिने हे तपासून बघायचं असं मी ठरवलं. तपासता तपासता प्रश्न पाचव्या व्रतावरून तिसऱ्या व्रतावर कसा गेला, ते सांगायला हा लेख.

पणजीला जायचं कारण साधं होतं. आजेसासूबाईंच्या हातच्या स्तवनांच्या तीन वह्या आहेत. कागद पिवळे पडलेत, कडा गळायला लागल्यात. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या नीट उतरून काढायच्या असं मनात होतं, पण घरात बसून होत नव्हतं. कुणी ना कुणी येतंच. भाची पणजीत नोकरी करते. ती म्हणाली, "आत्या, पावसाळ्यात इथे पर्यटक नसतात, खोल्या निम्म्या भाड्यात मिळतात. चातुर्मास इथेच कर." म्हणून चोर्ला घाट उतरून, स्वतःची भांडी आणि पाणी गाळायचं फडकं घेऊन मी आले.

खोली फोंतेनियसमध्ये होती. पणजीचा हा सगळ्यांत जुना भाग. एका बाजूला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या बाजूला ओरेंची खाडी, मधे अरुंद गल्ल्या. १८४३ साली पोर्तुगिजांनी पणजीला राजधानीचा दर्जा दिला, त्या काळाच्या आसपासची घरं आजही उभी आहेत. पिवळी, निळी, तांबडी. पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवायचा, ही जुनी रीत अजून पुष्कळांनी पाळली आहे. चिऱ्यांच्या जाड भिंती, मंगळुरी कौलं, पुढे लाकडी कठड्याचा सज्जा. एखाद्या खिडकीला अजून काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं आहेत. त्यांतून येणारा उजेड दुधासारखा असतो.

आमच्या इमारतीत पूर्वी दोन-तीन कुटुंबं राहायची. आता नूतनीकरण करून तिचे पाच 'स्टुडिओ' केले होते. स्टुडिओ म्हणजे काय, तर एकाच खोलीत सगळं. बावीस बाय चौदा फुटांत पलंग, टेबल, कोपऱ्यात ओटा, काचेमागे न्हाणीघर. जुनी फरशी घासूनपुसून ठेवलेली, छताचे वासे उघडे, त्यांना पॉलिश. दाराची जुनी सागवानी चौकट मुद्दाम तशीच ठेवलेली. तिच्यावर पेन्सिलीच्या बारीक आडव्या रेघा होत्या, एकावर एक, आणि शेजारी पुसट अक्षरं. त्यांच्यावरूनच वॉर्निश मारलं होतं. पहिल्या दिवशी मला त्या फार गोड वाटल्या. जुन्या घराची शोभा, म्हटलं.

घर दाखवायला मालकांचा पुतण्या आला होता. मी मनात बरीच तयारी करून गेले होते. आपण जैन, आपल्या सवयी वेगळ्या, सूर्यास्ताआधी जेवण, ओटा आधी कशाला वापरलेला असेल देव जाणे. मीच विचारलं, "मी आले म्हणून तुम्हाला काही अडचण नाही ना?" त्याला प्रश्नच कळला नाही. "अडचण कसली, आंटी? ओटा धुऊन घेतलाय. तुम्ही काय शिजवता ते तुमचं." एवढंच. मी काय खाते, कुठल्या देवळात जाते, एकटी का राहते, त्यानं काही विचारलं नाही.

त्या रात्री मला आमची गल्ली आठवली. खोली भाड्यानं देताना आपण किती विचारतो! आडनाव ऐकून पुढचं बोलतो. फाटकावर पाटी लावतो, 'फक्त शाकाहारींसाठी'. घरात मांस शिजू नये असं वाटणं वेगळं, ते मी समजू शकते, माझंही तेच आहे. पण त्या पाटीआडून आपण कितीदा माणसालाच नको म्हणतो, ते आपलं आपल्याला माहीत असतं.

श्रावणात खोलीची एक भिंत फुगायला लागली. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि आतल्या गुळगुळीत रंगाला फोड येत होते. फोड फुटला की आतून पांढरी भुकटी गळायची. मी पुतण्याला फोन केला. त्यानं माणूस पाठवला, माणसानं पुन्हा तोच रंग लावला, पंधरा दिवसांत पुन्हा फोड. मी आपली टेबल ओढून वह्या त्या भिंतीपासून लांब नेल्या.

मग दशलक्षण पर्व आलं. उत्तम आकिंचन्याचा दिवस होता, म्हणजे 'माझं काहीही नाही' याचं चिंतन करायचा. दुपारी दारावर टकटक झाली. सत्तरीच्या पुढच्या एक बाई उभ्या होत्या, हातात नेवऱ्यांचा डबा. चवथीनिमित्त समोरच्या जुन्या शेजारणीकडे आल्या होत्या. दार उघडं बघून थांबल्या असाव्यात. म्हणाल्या, "हें म्हजें घर आशिल्लें. जरा बघू?"

मी त्यांना आत घेतलं. मग त्या माझ्याशी मराठीतच बोलल्या. एक्केचाळीस वर्षं त्या इथे भाड्यानं राहिल्या होत्या. नवरा छापखान्यात होता. तीन मुलं इथेच वाढली. भाडं साठ रुपये, शेवटपर्यंत साठच. आता पर्वरीला लेकीकडे असतात. त्या खोलीत फिरल्या नाहीत, नुसत्या मधे उभ्या राहून चारी बाजूंना बघत राहिल्या. "इथे मधे भिंत होती," म्हणाल्या. "इथे चूल."

मग दाराशी गेल्या आणि चौकटीवर हात ठेवला. त्या रेघा त्यांच्या मुलांच्या उंचीच्या होत्या. दर वर्षी चवथीला मापायच्या. सगळ्यांत खालच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा धाकटा. आता दारातून वाकून यावं लागेल त्याला." वॉर्निशवर बोट घसरलं तशा जरा हसल्या.

मी विचारलं, विचारू नये ते विचारलं, "तुम्हाला इथून काढलं का हो?"

"नाही बाय. कुणी घालवलं नाही. शिव्या दिल्या नाहीत, पाणी तोडलं नाही. जाताना पैसेही दिले, कागदावर सही घेतली. फक्त पाच-सहा वर्षं कौलं दुरुस्त केली नाहीत."

निघताना फुगलेल्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "हिला सिमेंट आणि हा प्लास्टिकचा रंग चालत नाही. चिऱ्याची भिंत श्वास घेते. आतली ओल बाहेर पडायला वाट पाहिजे. आम्ही चुनाच लावायचो." एवढं सांगून त्या गेल्या.

त्या रात्री मी वह्या उघडल्या नाहीत.

अचौर्य व्रत स्थिर राहावं म्हणून आपल्याकडे पाच भावना सांगितल्या आहेत. लहानपणी पाठशाळेत आपण त्या पाठ केल्या आणि पुढे विसरलो. त्या मुनींसाठी आहेत, पण अर्थ सगळ्यांना लागू पडतो. पहिल्या दोन घराबद्दलच आहेत. शून्यागार म्हणजे गुहा, वनातली जागा, जिथे कुणाचीच वस्ती नाही तिथे राहणं. विमोचितावास म्हणजे दुसऱ्यांनी सोडून दिलेल्या जागेत राहणं. आणि तिसरी परोपरोधाकरण, म्हणजे आपण राहतो तिथे येऊ पाहणाऱ्या दुसऱ्याला अडवू नये. चोरीच्या व्रतात घराचा विचार इतका का, हे मला कधी कळलं नव्हतं. त्या दिवशी कळलं. माणूस दुसऱ्याची सगळ्यांत मोठी वस्तू कुठली घेऊ शकत असेल, तर ती त्याची राहायची जागा.

मी ज्या खोलीत होते ती सोडलेली होती हे खरं. पण घर रिकामं होणं आणि रिकामं करणं यांत अंतर आहे. आणि ते कागदावर दिसत नाही. कागदावर त्या बाईंची सही आहे.

इथे मालकाची बाजूही मांडायला हवी, नाहीतर मीच अन्याय करीन. पुतण्यानं मला सगळं सांगितलं होतं. त्या घराला नऊ वारस. गोव्यात पोर्तुगीज काळचा दिवाणी कायदा अजून चालतो. तो १८६७ चा. त्यात मुलगा-मुलगी दोघांना सारखा वाटा आहे, आणि मिळकतीचा अर्धा हिस्सा मृत्युपत्र करूनही वारसांपासून काढता येत नाही. आपल्याकडे मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क २००५ साली मिळाला, आणि तरी आपण भावांसाठी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतो. मीही केली आहे. तिथे तसं नाही. पण याचा दुसरा परिणाम असा की एक वारस लिस्बनला, दोन मुंबईला, एक कॅनडात. विकायचं तर सगळ्यांच्या सह्या, शिवाय नवऱ्या-बायकोच्याही. तोवर घराला कुलूप, नाहीतर जुना भाडेकरू. भाडेकरूला १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याचं संरक्षण. साठ रुपयांत कौलं तर सोडाच, एक वासाही बदलून होत नाही. त्या भागात अशी कितीतरी घरं पावसात खचत चालली आहेत. पुतण्यानं कर्ज काढून हे घर उभं ठेवलं. त्यानं ते केलं नसतं तर बाईंच्या डोक्यावर छप्पर पडलं असतं. मग त्याला चोर म्हणायचं का? मी म्हणणार नाही. एक्केचाळीस वर्षं कुणाच्या मालमत्तेचा साठ रुपयांत उपभोग घेणं हेही निखळ न्यायाचं नाही.

पण आपल्या शास्त्रात कर्माचा हिशोब तीन खात्यांत होतो. कृत, कारित, अनुमोदित. आपण केलं, दुसऱ्याकडून करवून घेतलं, किंवा कुणी केलेल्याला मान डोलावली. अचौर्याच्या अतिचारांत तर दुसऱ्यानं चोरून आणलेली वस्तू घेणाऱ्यालाही दोष सांगितला आहे, मग त्यानं स्वतः हात लावलेला नसला तरी. मी त्या बाईंना बाहेर काढलं नव्हतं. पण माझ्यासारखं कुणीतरी चांगलं भाडं द्यायला येणार, या भरवशावरच ती कौलं दुरुस्त व्हायची थांबली होती. आणि त्यांच्या मुलांच्या रेघा मी शोभा म्हणून बघत होते. परिग्रहाच्या खात्यात ती खोली नव्हती, पण या खात्यात ती होती.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं होतं. भाडेकरूला फार काही करता येत नाही, असं म्हणून मी झोपले असते. पण 'कौलं दुरुस्त केली नाहीत' हे वाक्य मला झोपू देईना, कारण ते मी आधी जगले होते.

आमच्या शहापूरच्या घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या आहेत. तिथे सासऱ्यांच्या काळापासून एक काकू भाड्यानं राहतात. नवरा गेला, मूल नाही, शिवणकाम करून जगल्या. भाडं दीडशे रुपये. माझा मुलगा पुण्यात असतो. त्याचं म्हणणं, घर दुरुस्त करू, सहा स्वतंत्र खोल्या काढू, कॉलेजची मुलं येतील, तुझी सोय होईल. काकूंचं काय, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बघू की, होईल काहीतरी." मीही म्हटलं, होईल काहीतरी.

आणि गेल्या दोन उन्हाळ्यांत आम्ही पुढची कौलं शेकारून घेतली होती. मागची राहिली होती. का राहिली? गडी आला नाही, पैसे कमी पडले, पाऊस लवकर आला. प्रत्येक कारण खरं होतं. पण पुढच्या बाजूसाठी ती कारणं आड आली नव्हती. मी कुणाला जा म्हटलं नव्हतं. मी नुसती वाट बघत होते. रोज सकाळी अभिषेकाला जाणारी, पाणी गाळून पिणारी, मुंगी दिसली तर पाऊल मागे घेणारी मी, एका म्हाताऱ्या बाईच्या अंथरुणावर पाणी गळण्याची वाट बघत होते. हे शब्द लिहायला मला दोन वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी मुलाला फोन केला. तो चिडला. त्याचं चुकीचं नव्हतं. "आई, दीडशे रुपयांत आपण किती वर्षं धर्म करायचा? घर पडलं तर कुणाचाच फायदा नाही. आणि मागची बाजू सोडली तर दोनच खोल्या उरतात." मी म्हटलं, "धर्म नको करू. दान म्हणूनही करू नको. नुसतं चोरी करू नकोस, आणि मलाही करू देऊ नकोस." बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "दिवाळीत आल्यावर बोलू."

पणजीत उरलेले दिवस मी वह्या पूर्ण केल्या. एका रविवारी भाचीबरोबर बांदोड्याला जाऊन जुन्या नेमिनाथ बस्तीचे अवशेष बघितले. पडक्या भिंती, वर आभाळ. तिथे कधीकाळी आपल्यासारख्याच बायका तांदूळ वाहत असतील, सकाळी 'निसही' म्हणत आत येत असतील. तीही जागा रिकामी झाली की केली गेली, भिंती सांगत नाहीत. बघताना एवढंच वाटलं की आपण सगळे कधी ना कधी कुणाच्या तरी सोडलेल्या जागेत उभे असतो. तो दोष नाही. न विचारता उभं राहणं हा दोष.

'निसही' आपण बस्तीच्या दारात तीनदा म्हणतो. त्याचा एक अर्थ, संसाराचे व्यवहार बाहेर ठेवून मी आत येतो. दुसरा अर्थ जुना आहे. मुनी कुठल्याही जागेत शिरताना तिथे आधी असणाऱ्यांची, दिसणाऱ्यांची आणि न दिसणाऱ्यांची, परवानगी मागतात. निघताना 'आसही' म्हणून त्यांचा निरोप घेतात. गुहेत शिरतानासुद्धा! आणि आपण भाडेकराराचे अकरा महिने मोजतो, अनामत रक्कम मोजतो, पण इथे आधी कोण राहत होतं आणि ते का गेलं, हा प्रश्न विचारत नाही. घर घेताना नाही, देतानाही नाही.

कार्तिकात खोली सोडली. पुतण्याला चुन्याचं सांगितलं. त्या बाईंचा पत्ता शेजारणीकडे मिळेल, त्यांनाच विचार, असंही सांगितलं. चौकटीवरच्या रेघांचा एक फोटो काढून शेजारणीकरवी पर्वरीला पाठवला. दार ओढून घेताना 'आसही' म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच बस्तीबाहेर म्हटलं.

दिवाळीत मुलगा आला. दोन दिवस वाद झाला. शेवटी ठरलं ते असं. काकू असेपर्यंत मागच्या दोन खोल्या त्यांच्या. हे तोंडी नाही, कागदावर, आमच्या दोघांच्या सह्यांनी. पुढे सहाऐवजी चारच खोल्या निघतील. मुलाचं नुकसान झालं आणि ते त्यानं मनापासून सोसलं असं मी म्हणणार नाही. सोसलं एवढं खरं. पाटी लावायची नाही हे मात्र त्याला पटवावं लागलं नाही. तो म्हणाला, "आई, मी पुण्यात किती दारांवरून परत आलोय ते तुला कुठं माहितेय?"

मार्गशीर्षात मागची कौलं उतरवली. काकू अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. दोन वेळा उठून माझ्याजवळ आल्या आणि परत गेल्या. तिसऱ्यांदा विचारलंच, "अक्का, आता भाडं किती करणार?"

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा."

त्यांनी बराच वेळ बोटांवर हिशोब केला. पाचशे म्हणाल्या. मी हो म्हटलं. नको म्हटलं असतं तर ते घर पुन्हा माझं एकटीचं झालं असतं.